पहिल्याच फोनला हो म्हणायचं नसतं

निकिता दारकुंडेला जर कुणी विचारलं असतं की बाई गं, तुला नोकरी नक्की कुठं पाहिजे, तर तिने महाराष्ट्राचा नकाशा पुढ्यात पसरून सांगितलं असतं, डोळे मिटा आणि ठेवा बोट! गडचिरोलीवर पडलं तरी चालेल, पालघरवर पडलं तरी चालेल. फक्त बोटाखाली एक दवाखाना पाहिजे, दवाखान्यात वॉर्ड पाहिजे आणि वॉर्डात उभी राहिल्यावर छातीवर तिच्या नावाची पट्टी पाहिजे. बास. एवढंच.

पण विचारत होतं कोण?

बी.एस्सी. नर्सिंगचा निकाल लागून आठ महिने झाले होते. फर्स्ट क्लास होता. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं होतं. शेवटच्या वर्षी कॅज्युअल्टीला पोस्टिंग असताना, एका आजोबांची शीर तीन जणींना सापडत नव्हती ती निकिताने पहिल्या झटक्यात शोधली होती आणि सिस्टर इनचार्ज सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "हात आहे पोरीला." तो हात आता घोडेगावजवळच्या वस्तीवर चुलीपुढं भाकरी थापत होता आणि फावल्या वेळात शेजारच्या आक्काबाईचं बीपी मोजत होता. आक्काबाई दिवसाला दोनदा यायची.

"नर्सबाई, बघ गं जरा, लई गरगरतंय."

"आक्का, सकाळीच बघितलं ना? एकशे तीस होतं."

"सकाळचं सकाळी. आत्ताचं बघ. आन् तुझ्या नोकरीचं काय झालं? न्हाई लागली? एवढं शिकून?"

आक्काबाईचं बीपी एकशे तीसच भरायचं. वाढायचं ते निकिताचं!

तिने एकोणीस ठिकाणी अर्ज केले होते. प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो: बाहेरगावी राहण्याची तयारी आहे का? बाकीच्या मुली तिथे 'होय' लिहून मोकळ्या होतात. निकिताने पहिल्या पाच फॉर्मवर 'होय' लिहिलं, पुढच्या दहांवर 'होय, कुठेही' लिहिलं, आणि शेवटच्या चारांवर तर 'होय, कुठेही, लगेच' असं लिहून खाली रेघ मारली. याहून जास्त तयारी माणसाने दाखवायची तरी कशी? बॅग भरून फॉर्मला बांधायची का?

शिवाय ती स्वतः जाऊन आली होती ते वेगळंच. नगरला सावेडीत एका दवाखान्यात थेट मुलाखती होत्या. फॉर्मवर 'अहिल्यानगर' लिहिलेलं, पण एस.टी.त तिकीट मागताना सगळे 'नगर'च म्हणत होते, तीही म्हणाली. आत चष्मेवाले साहेब बसलेले.

"अनुभव किती?"

"सर, फ्रेशर आहे."

"आम्हाला दोन वर्षांचा पाहिजे."

"सर, पण तो मिळणार कुठे? जो तो अनुभवच मागतो."

"ते आम्ही कसं सांगणार, मॅडम? कळवतो."

संगमनेरला गेली तर तिथल्या बाईंनी पत्ता वाचून विचारलं, "घोडेगावहून रोज येणार कशा?" ती म्हणाली, "इथेच राहीन." बाई म्हणाल्या, "राहीन म्हणतात सगळ्याच. दिवाळीला घरी गेल्या की परत येत नाहीत. कळवतो." कोपरगावला तर तिचा नंबर येण्याआधीच शिपायाने बाहेर येऊन सांगितलं की आजचं संपलं, कळवतो.

कळवतो! या शब्दाचा तिला एवढा तिटकारा आला होता की आई सुरेखाबाई सहज जरी म्हणाली, "मामाला कळवते हां, पापड झालेत म्हणून," तरी निकिता ताटावरून उठायची.

आणि आता खरी भीती तर पुढेच होती. महिन्याभरात पुढच्या बॅचचा निकाल लागणार होता. नव्या पोरी बाहेर पडणार, ताज्या ताज्या. मग आठ-नऊ महिने घरी बसलेल्या मुलीला कोण घेतं? विचारणारच ना, एवढे दिवस काय करत होतात? आक्काबाईचं बीपी बघत होते, असं सांगायचं? जे व्हायचं ते या महिन्यात व्हायला हवं होतं, नाहीतर गावातल्या डॉक्टरकडे चिठ्ठ्या फाडत बसायचं. त्या डॉक्टरांनी तसा निरोपही धाडला होता, आणि त्यात फरशी पुसायचं कामही होतं.

म्हणून ती रोज संध्याकाळी एक प्रश्न विचारायची.

"आप्पा, आला का कुणाचा फोन?"

आप्पांना का विचारायची, तर सगळ्या अर्जांवर पहिला नंबर आप्पांचा होता. हे डोकं तिचंच. वस्तीवर तिच्या मोबाईलला रेंजच नाही. बोलायचं तर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन एका दगडावर उभं राहायचं, तेही उत्तरेकडे तोंड करून. उलट आप्पा, म्हणजे तिचे वडील मच्छिंद्र दारकुंडे, दिवसभर रस्त्यावर नाहीतर बाजारात, आणि फोन आला की दुसऱ्या घंटीला उचलणारच. दहावीच्या फॉर्मपासून स्कॉलरशिपपर्यंत सगळीकडे त्यांचाच नंबर होता आणि आजवर एकही निरोप चुकला नव्हता. तिने विचार केला, एवढ्या महत्त्वाच्या कामाला पक्का नंबर द्यावा.

आप्पा पायातला बूट काढता काढता म्हणायचे, "येतेत फोन. बघतोय मी. तू नको काळजी करू."

पोरीचं मन राखायला बोलतात बिचारे, असं निकिताला वाटायचं. मग ती पुढे विचारायची नाही.

आप्पा म्हशींचे दलाल. बाकीचे दिवस ते आसपासच्या गावांचे बाजार फिरायचे, पण घोडेगावचा शुक्रवारचा बाजार म्हणजे त्यांचं राज्य! विकणाऱ्याची म्हैस, घेणाऱ्याचा पैसा आणि मधे आप्पांची जीभ. लांबलांबचे गोठेवाले त्यांना नावाने शोधत यायचे.

तर एका शुक्रवारी सकाळी निकिता टाकीपाशी दगडावर उभी होती. फोनवर दिपाली होती, कॉलेजातली तिची रूममेट. दिपाली परीक्षेच्या वेळी निकिताच्या वहीवरून अभ्यास करायची आणि आता नाशिकला एका मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स होती.

"आयसीयूत टाकलंय मला," दिपाली सांगत होती. "पाय तुटतात गं! पण तुझा मला राग आलाय हां."

"माझा? का?"

"तू आमच्याकडे नाही म्हणालीस ना! मी एवढी तुझी शिफारस केली होती. आमच्या मॅट्रन मॅडमनी स्वतः फोन केला होता तुझ्या घरी."

निकिता दगडावरून उतरली, तशी रेंज गेली. ती परत चढली.

"काय म्हणालीस? कधी?"

"झाले दोन महिने. तुझे वडील म्हणे बोलले, पुण्याचं पण चाललंय आमचं, विचार करून कळवतो. मॅडमनी दोन दिवस वाट बघितली आणि यादीतल्या पुढच्या मुलीला घेतलं. मला वाटलं, पुण्याला लागली असेल. लागलीस ना पुण्याला? हॅलो? निकिता?"

निकिताने फोन ठेवला. घराकडे पळत आली आणि आईच्या स्कुटीची किल्ली खिळ्यावरून ओढली. "कुठं निघालीस? भाकरी टाकलीय!" असं आई ओरडतेय तोवर ती डांबरी रस्त्याला लागलीसुद्धा होती.

बाजार भर रंगात होता. टेम्पोच्या रांगा, शेणाचा आणि कडब्याचा वास, तेल लावून चमकवलेली शिंगं आणि जो तो दुसऱ्यापेक्षा मोठ्याने बोलतोय. लिंबाखाली आप्पा उभे होते. समोर कोपरगावकडचे वाल्मिकराव, गोठेवाले. मधे एक काळीभोर दुसऱ्या वेताची म्हैस निवांत रवंथ करत होती. दोघांच्या हातांवर उपरणं टाकलेलं आणि उपरण्याखाली बोटं चाललेली. बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे बाकीच्यांना कळत नाही.

"आप्पा!"

आप्पांनी मानेनेच सांगितलं, थांब. उपरण्याखाली हात असताना मधे बोलायचं नाही, हा बाजाराचा कायदा. आगीचा बंब आला तरी नाही! निकिता उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर. इथे दोन मोठी माणसं एकमेकांची बोटं दाबत ढगाकडे बघत होती.

शेवटी वाल्मिकरावांनी हात काढला. "न्हाई जमत, मच्छिंद्रशेठ. लई होतंय."

"तुमची मर्जी," आप्पा म्हणाले आणि अगदी आरामात उपरणं झटकलं. वाल्मिकराव चार पावलं जाऊन चहाच्या गाडीपाशी थांबले, पण नजर म्हशीवरच. आप्पा हळूच म्हणाले, "येतोय बघ परत. काय गं, इकडं कशी?"

"नाशिकहून फोन आला होता तुम्हाला? दवाखान्याचा?"

"आल्ता की."

"आल्ता की? आणि पुण्याचा?"

"पुण्याचा तर त्याच्याबी आधी." आप्पांनी खिशातून मोबाईल काढला. चेहऱ्यावर अभिमान! "हे बघ, सगळी लाइनीत ठेवलीत." आणि त्यांनी यादी दाखवली. निकिता एकेक नाव वाचत गेली. दवाखाना पुणे. दवाखाना नाशिक. दवाखाना कोल्हापूर. दवाखाना पनवेल. दवाखाना चिपळूण. पाच! पाच दवाखाने, नावानिशी साठवलेले, जसे गिऱ्हाईक साठवतात.

"तुम्ही काय सांगितलंत यांना?"

"'न्हाई' असं कुनालाच म्हनलो न्हाई," आप्पा घाईने म्हणाले. "कळवतो म्हनलो. पुन्याला सांगितलं, नाशिकवालं मागं लागलंय. नाशिकला सांगितलं, पुन्याचं चाललंय. आगं, दोघं असल्याबिगर भाव चढतो का? पयल्याच फोनला हो म्हनायचं नसतं. लगेच हो म्हनलं का समोरच्याला वाटतं, मालात कायतरी खोट हाय. ज्याला खरी गरज हाय तो दुसऱ्यांदा फोन करतोच."

"केला का कुणी दुसऱ्यांदा?"

आप्पांनी यादीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "करतील की."

"आप्पा, ते यादी घेऊन बसतात! एक नाही तर खालची दुसरी. दोनशे मुली असतात त्या यादीत. त्यांना काय पडलंय?" तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या टेम्पोवाल्याने बिडी काढून मान वळवली. "मी म्हैस आहे का?"

"आगं, म्हशीपेक्षा जपून बोललो मी तुझ्यासाठी! चिपळूनच्या बाईला म्हनलो, पोरीच्या हाताला गुन हाय. राहायचं कुठं, खायाचं काय, रातीच्या ड्युटीवरनं खोलीवर सोडाया कोन येतं, समदं विचारलं. ती वैतागली. म्हनली, काका, हा काय बाजार हाय का? मी म्हनलं, व्हय, बाजारातच उभाय मी."

"आणि मला का नाही सांगितलंत? मी रोज विचारत होते. रोज!"

"कच्चा सौदा घरात सांगायचा नसतो." हे आप्पा इतक्या सरळपणे म्हणाले की निकिताला ओरडताच येईना. त्यांना खरंच असं वाटत होतं. तीस वर्षं ते असेच जगले होते आणि त्यांचं कधी चुकलं नव्हतं. कुणावर रागवायचं तेच कळेना, म्हणून राग जास्तच आला.

"आठ महिने," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला, "आठ महिने मला वाटत होतं, मी कुणालाच नकोय. मी नालायक आहे. रात्री डोळे मिटले की मी माझे मार्क मोजायचे, कुठे कमी पडले म्हणून. आणि पाच जणांनी बोलावलं होतं मला. पाच!"

आप्पांच्या हातातलं उपरणं तसंच लोंबत राहिलं. "मला वाटलं, चांगल्या जागी जावीस," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

निकिताने त्यांचा मोबाईल हातातून घेतला. बाजारात रेंज छान होती, चार कांड्या! तिने आपल्या फोनवरून एकेक नंबर फिरवायला सुरुवात केली, एका कानात बोट घालून, कारण मागे एक रेडकू जीव तोडून ओरडत होतं.

पुण्याने सांगितलं, ती जागा कधीच भरली. नाशिकच्या मॅट्रन बाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, वडिलांनी पुण्याचं सांगितलं होतं ना? आता पुढच्या वर्षी बघू." कोल्हापूरने नवीन फॉर्म भरायला सांगितलं. पनवेलच्या माणसाने तिचं नावही पूर्ण ऐकून घेतलं नाही, "फ्रेशर बंद," म्हणाला आणि फोन ठेवला. प्रत्येक फोननंतर ती आप्पांकडे बघायची आणि आप्पा म्हशीकडे बघायचे.

राहिलं चिपळूण. तो फोन कालचाच होता. कालचाच! तिने लावला. वाजला, वाजला, वाजला.

"हॅलो, बोला."

"मॅडम, मी निकिता मच्छिंद्र दारकुंडे. काल तुम्ही..."

"अरे देवा. बाजारवाले काका!" पलीकडची बाई हसली, पण लगेच कामाच्या आवाजात आली. "हे बघा, आज संध्याकाळी मी यादी पुढे देणार आहे. माझ्याकडे एक जागा आहे, जनरल वॉर्डला. सोमवारी सकाळी आठला हजर होणारी मुलगी पाहिजे. नंतर घरच्यांनी नाही म्हटलं, असलं मला चालणार नाही. तुमच्या वडिलांचं..."

तेवढ्यात आप्पांनी तिचा मोकळा हात धरला आणि बोटं दाबली. सवयच ती! दोन बोटं, घट्ट. म्हणजे थांब. अजून दाबून धर. घाई करू नको.

निकिताने हात ओढून घेतला.

"मॅडम, अर्ज माझा आहे, रजिस्ट्रेशन माझं आहे. मी येते."

"अहो, काय, कसं, ऐकून तरी..."

"येते मॅडम. सोमवारी आठला."

"ठीक आहे. ओरिजिनल कागद आणि दोन फोटो आणा. तुमचं नाव टाकते मी." फोन बंद झाला.

झालं. इतक्या दिवसांचं काम एका मिनिटात झालं. तिला वाटलं होतं, असा फोन येईल तेव्हा ती उड्या मारेल, आईला मिठी मारेल, आक्काबाईला पेढा देईल. उड्या वगैरे काही आल्या नाहीत. राहून राहून ते चार 'नाही' आठवत होते.

आप्पा म्हणाले, "पगार इचारलास?"

"नाही."

"राहायचं?"

"नाही."

"रजा, जेवन?"

"नाही विचारलं, आप्पा! तुमच्यामुळे नाही विचारलं. विचारायला तोंड ठेवलंत का मला? यादीत नाव तरी राहू दे, एवढंच होतं डोक्यात."

"व्हय, पन मग ठरवलंस काय तू?"

आणि हे इतकं खरं होतं की तिला अजूनच चीड आली. सोमवारी आठला जायचं, पण रविवारी रात्री चिपळुणात झोपायचं कुठे? एस.टी. स्टँडवर? तिने फोनकडे बघितलं. पुन्हा लावला तर बाई म्हणेल, झाली का सुरुवात. नाही लावला तर... ती मनातल्या मनात वाक्य जुळवू लागली, आधी काय, नंतर काय. मग लावला.

"मॅडम, परत निकिता. येणार ते नक्कीच आहे, त्यात बदल नाही. फक्त राहायची सोय कशी आहे, ते विचारायचं राहिलं."

मागे पुन्हा रेडकू ओरडलं.

"विचारलंत ते बरं केलंत," बाई म्हणाल्या. "होस्टेल आहे आवारातच, एका खोलीत चौघी. रविवारी रात्रीपर्यंत आलात तर वॉचमनला माझं नाव सांगा. जेवण मेसमध्ये. पगाराचं पत्र आत्ताच पाठवते मोबाईलवर, वाचून घ्या."

"या नंबरवर पाठवा, मॅडम. इथून पुढे हाच नंबर." ती आप्पांकडे न बघता म्हणाली.

आप्पांनी ऐकलं. उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं. मग विचारलं, "चिपळून म्हंजी कोकनात ना? नगरावरनं पुनं, पुन्यावरनं पुढं?"

"हो."

"रिझर्वेशन करावं लागंल. रविवारचं हाय, गर्दी असती. चल, मी येतो नगरला." आणि ते घाईने वळले, तर वाल्मिकराव चहा संपवून परत आलेच होते, अगदी आप्पा म्हणाले होते तसे.

"मच्छिंद्रशेठ, शेवटचं सांगतो..." त्यांनी हात पुढे केला. उपरणं टाकायचीही वाट न बघता आप्पांनी बोटं दाबून घेतली आणि म्हणाले, "दिली. न्या."

वाल्मिकराव हात आखडून दोन पावलं मागे सरकले.

"दिली? लगेच?"

"दिली म्हनतो ना. मला काम हाय."

"मगाशी तर ऐकत नव्हता. आता एकदम कसं काय?" वाल्मिकराव म्हशीभोवती फिरले. दात पुन्हा बघितले. खाली वाकून सड पुन्हा चाचपले. "लाथ मारती का? का आटलीय? खरं सांगा, शेठ."

"आवो, काय न्हाई हो तिला!"

"मग एवढी घाई कशाची?" त्यांनी आपल्या गड्याला हाक मारली. "कल्याण, ये रे, धार काढून बघ हिची."

आप्पांनी निकिताकडे बघितलं, म्हणजे बघ, मी काय म्हणत होतो, असं. पण म्हणण्याची हिंमत त्यांना झाली नाही. निकिताने घड्याळ बघितलं. कल्याण बादली शोधायला गेला होता आणि इथे अर्धा तास तरी मोडणार होता. रस्त्यावर नगरची गाडी येऊन थांबली होती.

"आप्पा, मी जाते."

"आगं थांब की, झालंच. एकटी कुठं जातीस?"

"तुमचं चालू द्या. तिकीट एकाचंच काढायचंय." तिने स्कुटीची किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली, त्यांचा मोबाईलही ठेवला, आणि ओढणी सावरत, टेम्पोंच्या मधून, शेण चुकवत, गाडी सुटायच्या आत गाठायला धावत सुटली.